चौकातला फळा: हवामानाच्या खोट्या फॉरवर्डमागे पाच महिने

५ एप्रिल २०२५, शनिवार

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमचे इस्त्रीवाले दादा गाडीपाशीच चक्कर येऊन बसले. दुपारचे दोन, पुढ्यात कोळशाची इस्त्री, डोक्यावर पत्रा. वहिनींनी माठातलं पाणी आणलं तर ते घेईनात. म्हणाले, "उन्हात गार पाणी प्यायलं की मेंदूची शीर फुटते, मोबाईलवर आलंय." सकाळपासून दोन कप चहावर काढली होती त्यांनी. सावलीत आडवं केलं, ओल्या पंच्याने अंग पुसलं, जरा हुशारी आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. तासाभराने माणूस नीट बोलायला लागला.

तो फॉरवर्ड आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस आधी येऊन गेला होता. मी वाचला होता, खोटा आहे हे कळलंही होतं, आणि कशाला उगाच वाद म्हणून गप्प बसले होते. उष्माघात झालेल्या माणसाला डॉक्टर स्वतःच गार पाण्याने आणि बर्फाने थंड करतात, एवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही याची टोचणी लागली आणि तिथून हे काम सुरू झालं.

पर्वती पायथ्याला आमच्या चौकात मंडळाचा जुना वार्ताफलक आहे, पाच फूट बाय साडेतीन. गणपतीचे दहा दिवस आणि कुणी गेलं तर श्रद्धांजली, एवढ्यापुरताच वापरात. अशा निरोपांची खरी बाजू लिहायला तो अध्यक्षांकडे मागितला. त्यांच्या अटी तीन: राजकारण नको, जाहिरात नको, वरची एक पट्टी मंडळाची. मी मान्य केल्या. सोबत चौघं आहेत. वरच्या मजल्यावरचे अण्णा, वय ७९, पावसाच्या आणि पाऱ्याच्या नोंदींच्या त्यांच्या वह्या कपाटभर आहेत. मंडळाची दोन मुलं. आणि नववीतली एक मुलगी, जिचं अक्षर लांबूनही वाचता येतं.

या नोंदी दुसऱ्या कुणाला आपल्या चौकात असंच काही करायचं असेल तर त्यांच्यासाठी.

७ एप्रिल

दोन दिवस वाया गेले. मुलांनी दुकानातून चकचकीत काळा ऑईलपेंट आणला आणि धूळ नुसती फडक्याने झटकून वर हात मारला. सकाळी खडू धरला तर तो घसरत होता, आणि कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटत होते. सगळं पॉलिश पेपरने घासून काढलं. मग शाळेच्या फळ्याला देतात तो मॅट काळा रंग दोन हात, मध्ये एक रात्र वाळायला. वाळल्यावर लगेच लिहायचं नाही. आधी खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात.

खर्च: वाया गेलेला रंग ४२०, नवा रंग ५६०, ब्रश आणि पॉलिश पेपर १९०, खडूचे खोके १५०. एकूण १,३२० रुपये.

९ एप्रिल

पहिला मजकूर लिहिला आणि मोठी चूक केली.

खोटा निरोप वर मोठ्या अक्षरांत जसाच्या तसा उतरवला. खाली लाल खडूने "हे खोटे आहे", आणि त्याखाली बारीक अक्षरांत कारण. संध्याकाळी सातला त्या फळ्याचा फोटो मलाच फिरून आला, फक्त वरचा अर्धा भाग कापलेला. खाली कुणीतरी जोडलं होतं: "आता तर मंडळानेही फळ्यावर लिहिले आहे." ज्या गोष्टीपासून लोकांना लांब ठेवायचं तिला आम्ही मंडळाचा शिक्का मारून दिला होता. मुलांचे चेहरे उतरले. मी रात्रीच जाऊन फळा पुसला.

१२ एप्रिल

आता असं ठरलं आहे. खरी गोष्ट वर, मोठ्या अक्षरांत, एका वाक्यात: "उन्हात तहान लागायच्या आधी पाणी प्या. माठातलं, फ्रिजमधलं, कुठलंही चालेल." त्याखाली "शीर फुटते असा निरोप फिरतो आहे, तो चुकीचा आहे", इतकाच उल्लेख, तोही वाक्याच्या मध्यात. मग कारण दोन ओळींत. फळ्याचा कुठलाही तुकडा कापून फिरवला तरी खोटी गोष्ट एकटी सुटता कामा नये. लिहून झालं की मुलगी पुठ्ठ्याची चौकट घेऊन फळ्याचा वरचा, मधला आणि खालचा भाग वेगवेगळा वाचून बघते. ही तपासणी आम्ही कधीच चुकवत नाही.

दादांनी गाडीखाली पाण्याची बाटली ठेवली आहे.

२८ एप्रिल

दुसरी चूक, ही सर्वस्वी माझी. उन्हाळा तापला होता. "२०१९ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ४३ अंश, शहराच्या इतिहासातला उच्चांक" असं मी आठवणीवर विसंबून लिहिलं. अण्णा काठी टेकत खाली आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ होता. तू एकशे अठ्ठावीस वर्षं पुसून टाकलीस."

खरंच होतं. शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदीत तो आकडा आहे, मी तिकडे पाहिलंच नव्हतं. मुलं म्हणाली, काकू, गुपचूप पुसून टाकू. मी नको म्हटलं. वरच्या ओळीत लिहिलं: "काल या फळ्यावर आम्ही चुकीचा आकडा दिला. खरा उच्चांक ४३.३, १८९७ चा. चूक दाखवली ती अण्णांनी." हा मजकूर चार दिवस ठेवला. त्या चार दिवसांत जेवढे लोक फळ्यापाशी थांबले तेवढे आधीच्या तीन आठवड्यांत थांबले नव्हते. एक गृहस्थ मुद्दाम रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, चूक कबूल करणारा फळा पुण्यात पहिल्यांदा बघतोय.

३ मे

अर्थात १८९७ चं हत्यार लगेच उलटं फिरलं. सोसायटीतले एक निवृत्त इंजिनिअर काका ग्रुपवर म्हणाले, "बघा, सव्वाशे वर्षांपूर्वीही एवढंच ऊन होतं. मग तापमानवाढ ही थापच." आकडा खरा, निष्कर्ष खोटा. अशा गोष्टीला उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण समोरचा खोटं बोलतच नसतो.

तीन मसुदे फाडले. सरासरी, कल, प्रमाण विचलन असे शब्द होते, कुणी वाचलं नसतं. शेवटी भाजीवाल्या मावशींशी बोलताना सापडलं. मार्केट यार्डात एखाद्या दिवशी टोमॅटो ऐंशी रुपये झाला म्हणून महागाई ठरत नाही आणि दुसऱ्या दिवशी वीस झाला म्हणून स्वस्ताई होत नाही. घरातल्या किराण्याची वही दहा-वीस वर्षं चाळली की कळतं. १८९७ चा तो दिवस म्हणजे एका दिवसाचा टोमॅटो. वही कुठली? भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जगाच्या नोंदींतही तेच वर्ष वरचं. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने जास्त होतं. फळ्यावर टोमॅटो आणि २०२४ एवढंच लिहिलं, बाकीचं जो थांबून विचारेल त्याला तोंडी.

२७ मे

मे महिना संपायच्या आत पाऊस. केरळात मान्सून २४ मेला आला, एरवीच्या १ जूनऐवजी, आणि दोनच दिवसांत मुंबई-पुण्यापर्यंत पोचला. लोकांनी रेनकोट शोधून काढले, आमरसाच्या जेवणावर भजी आली. आणि ग्रुपवर दोन टोकांचे निरोप. एक म्हणतो, "मेमध्ये गारठा, कुठाय तुमची तापमानवाढ?" दुसरा म्हणतो, "सृष्टीचक्र कोलमडलं, आता ऋतू संपले."

मंडळाच्या एका मुलाला दुसरा निरोप पटला होता. "हवामान बदलामुळे पाऊस लवकर" असं लिहू या म्हणाला. आमच्यात अर्धा तास वाद झाला. मी नाही म्हटलं. २००९ मध्येही केरळात मान्सून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आला होता. तारीख मागेपुढे होतेच. एका वर्षाच्या लवकर येण्यावर आपण आपला शिक्का मारला तर पुढच्या वर्षी उशीर झाल्यावर काय तोंड दाखवणार? आपल्या बाजूची अतिशयोक्ती ही सुद्धा खोटीच बातमी, आणि ती आपण लिहिली तर जास्त लागते. तो नाराज झाला, पण दुसऱ्या दिवशी त्यानेच लिहिलं: "पुण्यातला एक ओला मे म्हणजे पृथ्वीचा मे नव्हे. लवकर आलेला एक पाऊस म्हणजेही पुरावा नव्हे." अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पावसाचा व्यावहारिक धडा: ओल्या हवेत खडू पिठासारखा गळतो. फळ्यावर प्लास्टिकची उतरती पट्टी ठोकली, ३१० रुपये. तिच्या खालच्या कडेला पन्हळ हवी होती, ती केली नाही, म्हणून पहिल्याच सरीत ओघळ आले. पुन्हा १२० रुपये.

८ जून

शेजारच्या एका सोसायटीच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. चूक माझी. तिथे कुणीतरी "एक ज्वालामुखी माणसाच्या शंभर वर्षांइतका कार्बन सोडतो" असं लिहिलं होतं. मी सगळ्यांसमोर एकामागून एक सात उत्तरं दिली. चौथ्या उत्तरानंतर तो गृहस्थ विषयावर बोलेचना, त्याला फक्त हरायचं नव्हतं. माझा एक अख्खा रविवार गेला आणि एकही माणूस हलला नाही.

संध्याकाळी इंजिनिअर काका जिन्यात भेटले. हाच मुद्दा त्यांनाही पटलेला. यावेळी मी चहाला बोलावलं. सांगितलं की जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा कार्बन डायऑक्साइड आपल्या कोळसा-तेल-वायूच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मग मी हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख काढला. १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाखांत सुमारे ३१५ भाग, आता ४२० च्या वर. म्हटलं, "काका, १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. या रेघेत १९९१ ची उडी दाखवा." त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि कागद डोळ्यांशी धरला. उडी नव्हतीच. उलट त्या स्फोटाच्या धुरकटीने पुढचं वर्ष-दीड वर्ष पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने गारच झाली होती. काका बराच वेळ गप्प होते. "हा कागद ठेवू का मी?" एवढंच म्हणाले. तापमानवाढ माणसामुळे आहे हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. पण ज्वालामुखीचा निरोप त्यांनी पुन्हा पाठवलेला नाही.

यापुढे ग्रुपवर एकच उत्तर, दोन ओळींचं, बाकीच्या गप्प वाचणाऱ्यांसाठी. ज्याने पाठवलं त्याच्याशी मात्र समोरासमोर, एकटं असताना.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला. जवळच्या शाळेत एक दिंडी उतरली आहे, मंडळाचा चहा चौकात. आटपाडीकडचे एक विणेकरी बाबा फळा वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्ये समदं खरं आसंल, पर आमच्याकडं पवनचक्क्या आल्या न् पाऊस ग्येला. पाती फिरली की ढग पळत्यात."

आमच्यातला एक मुलगा हसला. बाबांचा चेहरा झरकन बंद झाला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात हा समज वीसेक वर्षांपासून आहे, आणि तो मूर्खपणातून आलेला नाही. पीक जळताना माणूस डोंगराकडे बघतो, तिथे नवीन काय उभं राहिलं ते त्याला दिसतं. तो आपल्या अनुभवातून कारण जोडतो.

मी बाबांना खुर्ची दिली आणि विचारलं, पवनचक्क्या यायच्या आधी पाऊस कसा होता? ते सांगत गेले. सांगता सांगता बहात्तरच्या दुष्काळावर आले: खडी फोडायला गेलेलं घर, सुकडीचे डबे, विहिरीच्या तळाला लागलेली घागर. मग स्वतःच थांबले. "बहात्तरला पवनचक्की कुठं हुती म्हना." बाकीचं अण्णांनी सांगितलं. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डोंगरापलीकडे माण-आटपाडीला येईपर्यंत पाचशेच्या घरात. पवनचक्की पाती धरून शंभर मीटरच्या आसपास, पावसाचे मोठे ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढलेले. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कप पुन्हा उचलला. जाताना हसलेल्या मुलाने वाकून पाया पडून माफी मागितली.

१ ते ४ जुलै

या चार दिवसांसाठी आम्ही दोन महिने तयारी करत होतो. दर वर्षी जुलैच्या तोंडावर "अफेलियन"चा, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असण्याच्या वेळेचा, निरोप येतो: पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाणार, ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटी, ऑगस्टपर्यंत कडाक्याची थंडी, सर्दी-खोकला, काळजी घ्या. यंदा निरोप यायच्या आधीच फळा लिहायचा असं ठरवलं होतं. एकदा थंडी वाजली आणि निरोप खरा वाटला की मग कुणी ऐकत नाही.

१ तारखेला फळ्यावर: "सूर्य जानेवारीत आपल्या सर्वांत जवळ असतो. तेव्हा पुण्यात स्वेटर निघतात."

संध्याकाळी गल्लीत मोजपट्टी धरली. एक कोटी किलोमीटर म्हणजे एक मीटर. मंडळाच्या खांबापाशी सोललेला नारळ ठेवला, तो सूर्य, या मापात सुमारे १४ सेंटिमीटर. पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी, वहिनींनी डब्यातून आणली. १४ मीटर ७१ सेंटिमीटरवर पांढरी रेघ, जानेवारीची. १५ मीटर २१ वर दुसरी, जुलैची. मध्ये अर्धा मीटर. निरोपातल्या ९ कोटींच्या जागी, ९ मीटरवर, लाल फुली. पोरं दोन पांढऱ्या रेघांमधून एका ढांगेत जात होती. लाल फुलीकडे बघून एकीने विचारलं, "पृथ्वी इथे कधी असते?" कधीच नाही. इस्त्रीवाले दादा मोहरी शोधायला मोबाईलचा दिवा घेऊन खाली बसले आणि नारळाकडे मान वर करून बघत म्हणाले, "एवढ्या लांबून एवढं तापतं?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आणखी अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

निरोप ३ तारखेला दुपारी आला. आमच्या ग्रुपवर पहिलं उत्तर माझं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी रेघांपाशी उभ्या नातवाचा फोटो टाकला होता. त्याच रात्री पृथ्वी खरोखर त्या लांबच्या टोकाला होती. पुण्यात नेहमीचा जुलै, ढग आणि भुरभुर.

खर्च: नारळ ४० रुपये. नंतर त्याची चटणी झाली.

१७ जुलै

जोराची सर आली की आता प्रत्येक वेळी "ढगफुटी". हवामान खात्याच्या हिशेबात छोट्या भागावर तासाला १०० मिलिमीटर पडलं तर ढगफुटी. अण्णांच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात काल रात्री सगळे मिळून ३१ भरले. तसं लिहिलं.

पण याच्या खाली दुसरा प्रश्न होता, आणि तो मी तीन महिने टाळत होते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा आमच्या गल्लीपर्यंत आला होता. पाण्यात गाड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आणि अंधारात कुणीतरी ओरडत गेलेलं "धरण फुटलं". धरण फुटलं नव्हतं, पण त्या ओरडण्याने लोक उलट्या दिशेला पळाले. त्या पुरात कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत माणसं दगावली. आता त्या पुराला काही जण नुसता "हवामान बदल" म्हणतात आणि मोकळे होतात. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होतो, हे खरं. पण ओढा अरुंद झाला, त्याच्या काठावर भिंती आणि घरं आली, हेही तेवढंच खरं. पाऊस आकाशातून आला, तो घरात शिरायला वाट आपण करून दिली. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. एका माजी पदाधिकाऱ्याने दुसरं पुसायला सांगितलं. अध्यक्षांनी पुसू दिलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

हिशेब. एकूण खर्च २,३६० रुपये, त्यातले ६२० चुकांचे. मंडळाने हजार दिले, बाकी आम्ही वाटून घेतले. रोजचा वेळ सरासरी चाळीस मिनिटं, त्यातली तीस आकडा तपासण्यात आणि दहा लिहिण्यात. एकूण ७१ मजकूर झाले. दोनदा जाहीर दुरुस्ती करावी लागली. दुसरी एका तारखेची, ती नववीतल्या मुलीने पकडली.

राहिलेली कामं: आलेल्या निरोपांची महिनावार वही, म्हणजे पुढच्या वर्षी कुठला कधी येतो ते आधी कळेल. मार्चमध्ये पाण्याचा मजकूर उन्हाच्या आधी. इंजिनिअर काकांना वहीचं काम विचारायचं आहे, ते नीटनेटके आहेत.

२७ ला गणपती बसतात. २० तारखेपासून फळा मंडळाचा, कार्यक्रमपत्रिका आणि वर्गणीदारांची नावं. महिनाभर थांबावं लागेल असं वाटत होतं. आज दादा म्हणाले, "ताई, माझ्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर लिहा ना. दिवसभर माणसं कपड्यांसाठी उभीच असतात." पत्रा मोजला, तीन फूट बाय दोन. कोळशाची धग लागणार नाही अशा उंचीवर प्लायचा तुकडा बसवायचा आहे. अर्धा लिटर मॅट रंग शिल्लक आहे, खिळे उद्या आणायचे.